शेवटचे ४८ तास कोणाचे? : कोकण किनाऱ्यावरील एका विधानसभा प्रचाराचा प्रकरण अभ्यास

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी एकाच टप्प्यात मतदान झाले. त्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका मतदारसंघात, खाडीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या एका जिल्हा परिषद गटात, एका उमेदवाराच्या समर्थकांची बांधणी कशी झाली, ती कुठे टिकली आणि कुठे ढासळली, याची ही नोंद आहे. मी ऑगस्टपासून मतमोजणीपर्यंत या गटाच्या कामात होतो. उमेदवार, पक्ष आणि गावे यांची नावे दिलेली नाहीत, कारण ज्या कार्यकर्त्यांविषयी लिहायचे आहे ते आजही त्याच वाड्यांत राहतात, आणि कोणी कोणाचे काम केले याचे पडसाद आमच्याकडे निवडणूक संपल्यावरही बराच काळ उमटत राहतात.

गटाची रचना आणि कार्यकर्त्यांची वही

या पट्ट्यात गाव एक असले तरी त्याच्या वाड्या आठ-दहा असतात. एक वाडी खाडीकाठी, दुसरी सड्यावर म्हणजे वरच्या कातळ पठारावर, तिसरी पऱ्ह्यापलीकडे म्हणजे ओढ्यापलीकडे, आणि मतदान केंद्र बहुधा मधल्या कुठल्या तरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत. पावसाळ्यात साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला की दोन वाड्यांमधला दहा मिनिटांचा रस्ता तासाभराचा होतो. त्यामुळे ‘गाव आपल्या बाजूचे आहे’ या वाक्याला प्रचाराच्या कामात फारसा अर्थ उरत नाही. कोणत्या वाडीतील कोणती घरे आपली आहेत आणि त्यांतील किती माणसे मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष घरी असतील, एवढेच विचारात घ्यावे लागते.

हा दुसरा प्रश्न कोकणात सर्वांत अवघड आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. एवढे मोठे अंतर पडण्याचे मुख्य कारण सर्वांना ठाऊक आहे : कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले. गावातली शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि पोराबाळांच्या शाळा सांभाळणारी माणसे प्रामुख्याने स्त्रिया आहेत. असे असताना ऑगस्टमध्ये आम्ही पक्षाची जुनी वही उघडली, तेव्हा तीत स्त्रियांची नावे शोधावी लागली. विभागप्रमुख, शाखाप्रमुख, बूथप्रमुख सारे पुरुष, आणि त्यांतील बऱ्याच जणांचा मुक्काम नालासोपारा, दिवा किंवा डोंबिवली येथे. ते गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, गावाविषयी त्यांना मनापासून आस्था आहे, वाडीच्या मंदिराचा जीर्णोद्धार असो की पाणंदीचा रस्ता, पैसा तेच उभा करतात. पण वर्षाचे बाकीचे दिवस ते गावात नसतात. या वहीच्या आधारे निवडणूक लढवायची होती, आणि आमच्या सगळ्या अडचणींचे मूळ तीत होते.

गणपतीतले यादीवाचन

मतदार यादीचे विशेष पुनरीक्षण ऑगस्टअखेर पूर्ण झाले आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आली. आचारसंहिता अजून लागलेली नव्हती. ती १५ ऑक्टोबरला लागली. वर्षातून एकदाच सगळी वाडी भरलेली असते ते हे दिवस. म्हणून प्रत्येक वाडीत एक दुपार ठरवून, कोणाच्या तरी खळ्यात बसून, त्या वाडीचा यादीभाग नाव घेऊन मोठ्याने वाचायचा, असे ठरले. गणपतीसमोर किंवा आरतीला जमलेल्या माणसांत हे काम करायचे नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत केला आणि तो पाळला गेला.

यादीवाचनाचा उपयोग आमच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक झाला. वारलेल्या माणसांची नावे, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे, दोनदा आलेली नावे एका बैठकीत समोर आली. घरातील अठरा वर्षे पूर्ण केलेली पण नोंद न झालेली मुले सापडली. मात्र सर्वांत मोठा गट निघाला तो सासरी आलेल्या सुनांचा. लग्नाला सहा-सात वर्षे झाली, दोन मुले शाळेत जातात, पण नाव अजून माहेरच्या यादीत, आधार कार्डावर माहेरचा पत्ता आणि माहेरचेच आडनाव. या सुना मतदान करत नव्हत्या, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. स्थलांतरासाठी नमुना ८, नव्या नोंदीसाठी नमुना ६ आणि वगळणीसाठी नमुना ७ असे अर्ज असतात. नाव बदलल्याचा आणि राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा जोडून नमुना ८ भरून घेणे हे पुढच्या महिनाभराचे मुख्य काम ठरले. या विधानसभेसाठी नोंदणीची मुदत १९ ऑक्टोबरपर्यंत होती, त्यामुळे आचारसंहिता लागल्यावर हाती जेमतेम चार दिवस उरले. पूर्ण झालेले बहुतेक अर्ज त्याआधीचेच होते.

याच बैठकांत एक मोह पुढे आला, त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. एका वाडीच्या मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या संघटनेने, प्रस्ताव ठेवला की मुंबईत राहणाऱ्या आपल्या मुलांची नावे गावच्या यादीत घालावीत. घर गावात आहे, रेशन कार्ड गावात आहे, मग हरकत काय? हरकत कायद्याची आहे आणि ती क्षुल्लक नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० नुसार नोंद होते ती व्यक्ती जिथे सर्वसाधारणपणे राहते तिथे, आणि केवळ घराची मालकी असणे म्हणजे तिथे राहणे असे तो कायदा मानत नाही. एकापेक्षा अधिक मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा नाव ठेवण्यास त्यात मनाई आहे, आणि अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. शिवाय मुंबई आणि रत्नागिरी येथे मतदान एकाच दिवशी होते. आम्ही प्रस्ताव नाकारला. काही जण दुखावले, एका मंडळाने पुढे पंधरा दिवस आमच्याशी बोलणे टाकले. तरीही तो निर्णय योग्य होता असे मी आजही ठामपणे म्हणेन. ज्याचे नाव गावच्या यादीत कायदेशीरपणे आहे अशा मुंबईकराला मात्र तारीख वेळेत कळवणे आवश्यक होते आणि ते केले.

त्यातून प्रवासाचा प्रश्न उभा राहिला. निवडणुका आल्या की मुंबईहून गाड्या सोडण्याची चर्चा कोकणात दरवेळी होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३(५) प्रमाणे मतदारांना मतदान केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने वाहन भाड्याने घेणे वा मिळवणे हा भ्रष्ट आचार आहे. कलमात वाहनाच्या जोडीला जलयानाचाही उल्लेख आहे, हे आमच्या गटाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते, कारण खाडीपलीकडच्या दोन वाड्यांना केंद्रावर यायला तरीतूनच, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतूनच, यावे लागते. तरवाल्याला उमेदवाराने पैसे द्यावेत, अशी सूचना एका ज्येष्ठाने सद्हेतूने केली होती. मतदाराने स्वतःच्या खर्चाने सार्वजनिक वाहनातून जाणे याला कायद्याची हरकत नाही. म्हणून रेल्वे, एस.टी. किंवा तर, जे असेल त्याचे तिकीट मतदाराने स्वतः काढावे, एवढेच सांगायचे ठरले. बुधवारच्या मतदानासाठी मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघून बुधवारी रात्री परतायचे, म्हणजे दोन रात्री प्रवासात जाणार. त्या दिवशी मतदारांना भरपगारी सुटी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती एकाच दिवसाची. अनेक जण येणार नाहीत हे आम्ही आधीच गृहीत धरले, आणि ते गृहीत धरल्यामुळेच पुढचा निर्णय घेता आला.

घरे वाटून घेणाऱ्या स्त्रिया

तो निर्णय म्हणजे प्रत्येक वाडीतील घरांची जबाबदारी गावात कायम राहणाऱ्या स्त्रियांकडे द्यायची. बचतगटांच्या बैठकांचा उपयोग करावा, असे काहींनी सुचवले. ते आम्ही टाळले. बचतगट वेगवेगळ्या पक्षांना मानणाऱ्या बायकांचा असतो, आणि त्याला प्रचाराचे स्वरूप आले की निवडणुकीनंतर त्याचे व्यवहार बिघडतात. अंगणवाडी सेविका, आशा यांनाही या कामापासून दूर ठेवले. घरोघरी जाऊन, त्या त्या काकींशी, वहिनींशी बोलून माणसे जमवली. दिवस भातकापणीचे होते. दिवसभर शेतात कापणी-झोडणी, संध्याकाळी गुरे आणि स्वयंपाक. रात्री जेवणे झाल्यावर जो थोडा वेळ मिळे त्यात या बैठका झाल्या.

जुन्या पदाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला की बायकांना यादीचे काम जमणार नाही. ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे बचतगटाचे कर्ज, हप्ता आणि व्याज यांच्या नोंदी स्वतः ठेवतात, त्यांना आपल्या वाडीतील नावांवर खूण करणे जमणार नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटले आणि मी ते बैठकीत बोललो. त्यांच्या मागण्याही मोजक्या होत्या : व्यासपीठावर बोलावू नका, फेरीत झेंडा घेऊन चालायला सांगू नका, आमच्या वाडीच्या यादीची प्रत द्या आणि उमेदवाराला एकदा वाडीत आणा. फेरीला त्यांनी नकार का दिला हे समजून घेणे आवश्यक आहे. सासर एका पक्षाचे, दीर दुसऱ्या पक्षाचा, शेजारी तिसऱ्याचा, अशा घरांत राहून त्यांना पुढची पाच वर्षे काढायची असतात. उघड प्रचार न करता शांतपणे काम करण्याची त्यांची तयारी होती, आणि आमच्या पद्धतीत अशा समर्थनाला जागाच नव्हती. कारण कार्यकर्ता म्हणजे गळ्यात उपरणे घालून दिसणारा माणूस, अशी आमची समजूत होती.

त्यांच्या कामाचा पहिला परिणाम घरबसल्या मतदानाच्या बाबतीत दिसला. ८५ वर्षांवरील आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२-ड भरून ही सोय घेता येते, पण अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच. अधिसूचना २२ ऑक्टोबरची, दिवाळी तोंडावर. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे हे या स्त्रियांना विचारावे लागले नाही. त्यांनी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला त्या त्या घरी नेले. यात समर्थक आणि विरोधक असा भेद त्यांनी केला नाही, आणि मला वाटते की वाडीत त्यांच्या शब्दाला वजन आले ते या कामानंतर.

तालुक्याची सभा

उमेदवारी मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, संपली. जाहीर प्रचार १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहाला थांबणार होता. या दोन आठवड्यांत तालुक्याच्या गावी मोठी सभा घ्यावी की तोच वेळ आणि पैसा वाड्यांवर लावावा, यावरून गटात तीव्र मतभेद झाले. उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपयांची. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, नाश्ता यांचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या दरांनी धरला जातो. ज्येष्ठांचे म्हणणे होते की सभा झाली नाही तर उमेदवार हरला अशी हवा होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. या भागातील वयोवृद्ध कार्यकर्त्यांच्या मनात जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघातील बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर मधू दंडवते यांच्या सभांची आठवण आहे. १९५७ ते १९६७ मध्ये तीनदा नाथ पै आणि १९७१ पासून सलग पाचदा दंडवते तिथून निवडून आले. पण त्या सभांना माणसे ऐकायला येत. आमची सभा झाली तेव्हा समोर बसलेले बहुसंख्य लोक आमच्याच वाड्यांतून आणलेले कार्यकर्ते होते. त्या दिवशी गटात घरोघरचे काम पूर्ण थांबले आणि दुसरा दिवसही शिणवट्यात गेला.

बंदर

गटात एक मच्छीमार बंदर आहे आणि तिथे आमची बांधणी अपयशी ठरली. कारण संघटनेचे नव्हते. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नौकांचे (माशांच्या थव्याभोवती मोठे जाळे टाकून ते आवळणाऱ्या नौकांचे) मालक यांच्यातील संघर्ष या किनाऱ्यावर जुना आहे. राज्य शासनाच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढ्याच काळापुरती मर्यादित केली, आणि केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीला बंदी घातली. या दोन्हींची अंमलबजावणी कशी होणार, हा बंदरावरचा एकमेव खरा प्रश्न होता. आमच्या उमेदवाराचे समर्थक दोन्ही बाजूंना होते. त्यामुळे त्यांनी एका बैठकीत अंमलबजावणी कडक करू असे सांगितले आणि दुसऱ्या बैठकीत नौकामालकांचे नुकसान होऊ देणार नाही असे सांगितले. दोन्ही वाक्ये त्याच रात्री दोन्हीकडे पोहोचली. ज्या तरुणांनी गणपतीत सर्वांत उत्साहाने यादी वाचली होती तेच दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेनासे झाले. मंगळवारी रात्रीपर्यंत नौका किनाऱ्याला लागाव्यात म्हणून नाखवांना, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखांना, आठवडाभर आधी भेटायचे ठरले होते; ती भेट झालीच नाही. वाडीनिहाय याद्या, खुणा, जबाबदाऱ्या हे सारे उमेदवाराच्या शब्दाच्या आधारावर उभे असते, आणि तो शब्द दोन ठिकाणी दोन प्रकारचा असेल तर उत्तम यादीही उपयोगी पडत नाही.

गावकी आणि नारळ

दुसऱ्या एका गावात वेगळाच प्रसंग उद्भवला. आमच्याच काही उत्साही समर्थकांनी ठरवले की ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून, गाऱ्हाणे घालून गावाचा एकमुखी निर्णय करून घ्यावा. ही प्रथा अनेकांना निरुपद्रवी वाटते. पण मतदाराने अमुक मत दिले नाही तर देवाचा कोप होईल असे त्याला वाटायला लावणे, हे कलम १२३(२) खाली गैरवाजवी दडपण ठरते, आणि ते सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. कायद्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न गुप्त मतदानाचा आहे. केंद्रनिहाय मते निकालानंतर जाहीर होतात. लहान केंद्रावर ‘ती चार मते कोणाची’ याचा शोध सुरू होतो आणि संशय बहुधा गावातल्या दुबळ्या घरावर येतो. गावच्या एका मानकऱ्यांनी स्वतःच पुढे होऊन सांगितले की देवाला यात ओढायचे नाही. त्यांच्या या भूमिकेबद्दल मला नितांत आदर आहे, कारण ते आमच्या उमेदवाराचे समर्थक होते आणि गावाच्या एकमुखी निर्णयाचा लाभ त्यांच्याच बाजूला झाला असता.

१८ नोव्हेंबरच्या संध्याकाळनंतर

निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार प्रचार संपताच, त्या मतदारसंघाचे मतदार नसलेल्या बाहेरच्या कार्यकर्त्यांनी मतदारसंघ सोडायचा असतो. तुळशीच्या लग्नांपासून मुंबईहून आलेली, प्रचाराला रंग आणणारी, गाड्या फिरवणारी तरुण मंडळी त्या संध्याकाळी परतली. त्यांना मुंबईत स्वतःचे मतदानही करायचे होते. ज्या वाड्यांत सारे काम त्यांच्यावर सोपवलेले होते तिथे एका रात्रीत काही उरले नाही. ज्या वाड्यांत स्त्रियांनी घरे वाटून घेतली होती तिथे फारसा फरक पडला नाही. पांढऱ्या कागदावरच्या, उमेदवाराचे नाव वा चिन्ह नसलेल्या मतदार स्लिपा त्यांनी आधीच आपापल्या घरांत दिल्या होत्या.

मतदान प्रतिनिधी शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतला मतदार असावा लागतो. आम्ही काही केंद्रांवर स्त्रियांची नावे दिली. अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधी प्रतिनिधींसमोर होणारी यंत्राची चाचणी, सकाळी साडेपाचला, म्हणजे पहाटे अंधारात पाणंदीने निघायचे. त्यासाठी घरातले कोणी तरी सोबत देणे, बदली प्रतिनिधी कोणत्या वाजता येईल ते ठरवणे, दुपारचा डबा कोण पोहोचवेल ते ठरवणे, अशी व्यवस्था लागते. ती त्यांनी स्वतःच आपसांत लावली. केंद्रापासून २०० मीटरबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या, एवढीच आमची उघड उपस्थिती. दुपारी बारापर्यंत कोणत्या घरचे मतदान राहिले आहे ते त्यांना यादीवरून कळत होते, आणि निरोप फोनपेक्षा चालत जाणाऱ्या मुलींकडून लवकर पोहोचत होता, कारण खाडीच्या खालच्या अंगाला नेटवर्क धड मिळत नाही.

मतदान सहाला संपल्यावर प्रतिनिधीला नमुना १७-क ची प्रत मिळते. केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली याचा तो हिशेब असतो आणि मतमोजणीत यंत्रावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा असतो. स्त्रिया प्रतिनिधी असलेल्या प्रत्येक केंद्राची प्रत त्या रात्री आमच्याकडे आली. बंदरावरच्या केंद्रातील आमचा प्रतिनिधी दुपारीच उठून गेला होता, तिथली प्रत मिळाली नाही.

आमचा उमेदवार पराभूत झाला. २३ नोव्हेंबरला केंद्रनिहाय मते पाहिली तेव्हा या गटात, बंदर वगळता, आघाडी टिकली होती. मतदारसंघाच्या ज्या भागांत जुनीच वही वापरली गेली तिथे ती नव्हती. उमेदवाराच्या पराभवाला आणखी अनेक कारणे होती, आणि या एका कामाने निकाल फिरला असता असा दावा मी करणार नाही. परंतु त्याच जिल्ह्यात गुहागरचा निकाल ३,००० पेक्षा कमी मतांनी लागला, आणि तेवढी मते वाड्यावाड्यांत विखुरलेली असतात.

निवडणुकीनंतर याद्यांच्या प्रती त्या स्त्रियांकडेच ठेवल्या आहेत. नोंदणीसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात त्या तारखा) असल्यामुळे सुनांच्या नावांचे काम वर्षभर करता येते, आणि दोन वाड्यांत ते सुरूही आहे. पक्षाच्या वहीत त्यांची नावे बूथप्रमुख म्हणून लिहावीत, अशी लेखी मागणी आम्ही तालुका समितीकडे दिली आहे. बंदरावर उमेदवाराने दोन्ही बाजूंना एकत्र बसवून एकच उत्तर द्यावे, ही मागणीही त्याच पत्रात आहे. त्या बैठकीची तारीख अद्याप ठरलेली नाही.